कोठार क्रमांक अकरा

शहराची ओळख करून दे म्हणता, देतो, पण क्रम लागणार नाही.
मी राखणदार. वस्तू आहे तिथे आहे ना, एवढंच बघणारा.

आधी इथे दोन गावं होती, शेजारी,
जावाजावांसारखी, एकमेकींच्या चुलीवर डोळा ठेवून.
सत्तर साली दोघींना एका छताखाली आणलं
आणि नावासाठी मतं मागितली.
बहुतेकांना हवं होतं लेकहेड, सरोवराचं डोकं.
पण काहींना त्याच्या आधी 'द' हवा होता, काहींना नको,
आणि त्या एका 'द'वरून मतं फुटली.
तिसरंच नाव निवडून आलं: थंडर बे.
आई हे सांगताना दर वेळी हसायची.
तिच्या युक्रेनी बोलीत 'द' नाहीच.
म्हणायची, अर्थ नसलेल्या अक्षरावरूनच
घरं मोडतात, ओरेस्ट.

कोठारात हाक मारलीत तर ती परत यायला वेळ घेते.
सिमेंटची उंच नळकांडी, आता रिकामी.
सस्कॅचवानचा गहू वाघिणी भरभरून यायचा,
वाघीण कलंडली की पडायचा
पावसासारखा नाही, वाळूसारखाही नाही,
गव्हासारखाच.
वडील पाळीवरून परतायचे तेव्हा भुवया पिवळ्या,
खोकलाही पिवळा.
धूळ पेटते, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही.
ते मात्र चुलीपाशी उभे राहण्याआधी
अंगणात तीनदा सदरा झटकायचे.

समोर सरोवरात आडवा पडलेला डोंगर.
झोपलेला राक्षस म्हणतात, पाहुणे फोटो काढतात.
आम्ही त्याच्यावरून हवा बघतो:
हनुवटी दिसेनाशी झाली
की कोट चढवायचा.

नदीपलीकडे डेल्फिनची वस्ती.
तिच्या लोकांचं गाव, आमच्या दोन्ही गावांपेक्षा जुनं.
मधला पूल जळाला आणि मोटारींना सहा वर्षं बंद राहिला.
डेल्फिन शाळेची बस चालवते.
सहा वर्षं तिने वळसा घातला,
शिव्या मात्र एकदाही तीच ती दिली नाही.
कधी कधी रात्री ती काठावर गाडी उभी करते,
दिवे पाण्यावर रोखून.
कोणाला शोधते, मी विचारलेलं नाही.
हे शहर कशाबद्दल बोलत नाही
ते कळायला मला चाळीस वर्षं लागली,
आणि कळल्यावर मीही बोललो नाही.

मार्चअखेर बर्फ फोडणारं जहाज येतं,
रात्रभर बंदरात कोणी काचेची कपाटं ढकलतंय असं वाटतं.
मग पहिलं मालवाहू.
त्याच्या कप्तानाला उंच काळी टोपी घालायची, रीत आहे.
यंदाच्या कप्तानाचं डोकं मोठं निघालं.
टोपी धरून तो उभा राहिला, ताटकळलेल्या नवऱ्यामुलासारखा,
बँड वाजत राहिला, आणि वारा असा
की भाषण कोणालाच ऐकू आलं नाही. बरंच झालं.

बंद कोठाराच्या पायथ्याशी, गंजक्या रुळांमध्ये
दरसाल गहू उगवतो.
पेरत कोणी नाही. कबुतरं सोडली तर कापतही कोणी नाही.
ऑगस्टमध्ये मी एक ओंबी खुडून
लेंपी हार्युलाकडे घेऊन गेलो.
तीस वर्षं ती इथे दाणा दाताखाली फोडून प्रत सांगायची,
तिच्या एका शब्दावर जहाजं थांबायची.
शनिवार होता, सावनातून नुकतीच आलेली, लालबुंद.
म्हणाली, कवळी बसवल्यापासून
मला सगळा गहू सारखाच लागतो.

मग माझ्याकडे पाठ करून तिने कवळी काढली,
दाणा हिरडीवर घोळवला.
बराच वेळ.
किटली शिट्टी घालत होती, कोणी उठलं नाही.

दुसरी प्रत, ती म्हणाली. ओल जास्त आहे.
परत पाठवा.

कुठे, ते मी विचारलं नाही.
वहीत लिहून घेतलं.